कडक फायरवॉलमागे नेटवर्क तपासायला जाताय? निघायच्या आधी एवढं करून ठेवा

क्लायंटच्या साइटवरून आपलं ॲप चालत नाहीये आणि तिथली फायरवॉल अशी की आतून बाहेर पोर्ट ४४३ (एचटीटीपीएसचा दरवाजा) सोडून काही जात नाही, तेही प्रॉक्सीतूनच (आपल्या वतीने बाहेर जाणारा मधला सर्व्हर). बँक, हॉस्पिटल, सरकारी ऑफिस, एमआयडीसीतला एखादा मोठा प्लँट, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच. तिथे बसून पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का बघणारा कमांड) मारलं की टाइमआउट, ट्रेसराउटला (वाटेतले टप्पे दाखवणारा कमांड) नुसत्या चांदण्या, स्पीडटेस्ट गोल फिरत बसते, आणि मागून कुणीतरी म्हणतंच, नेट बंद दिसतंय. अहो नेट बंद नसतं, आपलं टूल ज्या प्रोटोकॉलने विचारतंय तो बंद असतो आणि ॲप जातं वेगळ्याच वाटेने. त्यामुळे तयारी करताना एवढंच डोक्यात ठेवायचं की ॲप ज्या पोर्टवरून, ज्या प्रॉक्सीतून आणि ज्या युजरच्या नावाने जातं तिथूनच टूलनेही गेलं पाहिजे, बाकी टेस्ट पास झाली काय नि नापास झाली काय, त्यावरून काही ठरत नाही.

तर पहिलं काम घरीच करायचं. मोकळ्या नेटवर ॲप चालवून वायरशार्क (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावायचा आणि ते नक्की कुठल्या होस्टनेमला, कुठल्या पोर्टला, टीसीपीने (आधी कनेक्शन जोडून) की यूडीपीने (न जोडताच) जातंय ते लिहून काढायचं. डॉक्युमेंटवर विसंबू नका, ते बहुतेक वेळा जुन्या व्हर्जनचं असतं. लॉगिन एका डोमेनवर, फाइल्स सीडीएनवर (फाइल वाटणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवर), लायसन्स तिसरीकडून, असं निघतंच, आणि साइटवर नेमकं ते तिसरंच अडलेलं असतं. याच वेळी तिथे चालवणार ते सगळे कमांड इथे चालवून त्यांचं आउटपुट सेव्ह करा, म्हणजे तिकडे काहीतरी वेगळं दिसलं तर कशाशी ताडायचं हा प्रश्न येत नाही. मोबाइल हॉटस्पॉटवर ताडणार असाल तर जपून, जिओसारख्या नेटवर्कवर बरंचसं ट्रॅफिक आयपीव्ही६ वरून जातं आणि क्लायंटकडे बहुधा फक्त आयपीव्ही४, मग तुलनाच चुकते. कर्लला (कमांडने वेब पत्ता उघडणारं टूल) डॅश ४ दिलं की सक्तीने आयपीव्ही४ घेतं, तेवढं लक्षात ठेवा.

आणि हे सगळं कागदावरसुद्धा घ्या. हसू नका, बऱ्याच ठिकाणी सर्व्हर रूमच्या दारात फोन जमा करतात, पेन ड्राइव्ह चालत नाही, आणि स्वतःचा लॅपटॉप तर नेटवर्कला लावूच देत नाहीत.

म्हणून जायच्या आधी फोन करून विचारायचं की माझा लॅपटॉप चालेल का, नाहीतर तुमच्या मशीनवर ॲडमिन राइट्स मिळतील का. बहुतेक उत्तर नाही असं येतं, मग मशीनमध्ये आधीच जे आहे त्यावर भागवायचं. विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून कर्ल आतच असतं, पॉवरशेलमध्ये पोर्ट तपासायला टेस्ट-नेटकनेक्शन आहे, त्याच कामाला वापरतात ते जुनं टेलनेट मात्र व्हिस्टापासून बाय डिफॉल्ट बंद ठेवलेलं असतं, त्यामुळे "टेलनेट करून बघतो" हा प्लॅन घेऊन जाऊ नका. लिनक्स असेल तर टीसीपी ट्रेसराउटला सहसा रूट, म्हणजे ॲडमिन अधिकार, लागतो. एनमॅप (कुठले पोर्ट उघडे ते शोधणारा स्कॅनर) चालवायचाच असेल तर आधी लेखी परवानगी, मेलवर, कुठल्या आयपीवर आणि किती ते किती वाजता हे लिहून. तोंडी "हो चालेल सर" याला काही अर्थ नाही, त्यांच्या सिक्युरिटी टीमच्या स्क्रीनवर लाल अलर्ट गेला की तोच माणूस म्हणतो मला माहीत नाही. आयटी ॲक्टचं कलम ४३ परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरण्याबद्दलच आहे, उगाच कशाला. परवानगी मिळालीच तर डॅश कॅपिटल पी स्मॉल एन हा ऑप्शन लावायचा, नाहीतर एनमॅप आधी होस्ट जिवंत आहे का ते तपासतं आणि त्या तपासणीला उत्तर आलं नाही की होस्ट डाउन म्हणून गप्प बसतं. सोबत रीझन ऑप्शन पण द्या, फिल्टर्ड का म्हणतोय ते तरी कळतं.

पिंगबद्दल थोडंच. माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेलं टूल, आयसीएमपी (नेटवर्कचे निरोप-तक्रारी नेणारा प्रोटोकॉल) एको पाठवतं, बस. एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनचं क्लाउड) नवीन सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे सर्व्हरपुढची फायरवॉल, बनवला तर त्यात इनबाउंड काहीच उघडं नसतं, त्यामुळे तिथला धडधाकट चालणारा सर्व्हरही पिंगला उत्तर देत नाही, म्हणजे अडवणूक क्लायंटकडेच आहे असंही नाही. ट्रेसराउटमध्ये अजून एक गंमत, विंडोजचं ट्रेसर्ट आयसीएमपी वापरतं आणि लिनक्सचं बाय डिफॉल्ट यूडीपी, पोर्ट ३३४३४ पासून वर. त्यामुळे एकाच टेबलावर दोन मशीन दोन वेगळी उत्तरं देतात आणि दोन्ही खरी असतात. लिनक्सवर कॅपिटल टी आणि पोर्ट ४४३ देऊन टीसीपीने ट्रेस करा, एमटीआरमध्येही (सतत चालणारं ट्रेसराउट) टीसीपीचा ऑप्शन आहे. मधल्या हॉपवर (वाटेतल्या टप्प्यावर) ६० टक्के लॉस आणि शेवटच्या हॉपवर शून्य असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, मधला राउटर आयसीएमपीची उत्तरं मोजून मापून देतोय एवढंच.

आता खरा मुद्दा, पोर्ट टेस्ट. इथे उत्तर काय आलं याच्याइतकंच ते किती वेळाने आलं हे बघायचं, म्हणून घड्याळ किंवा टाइम कमांड लावूनच चालवा. कनेक्शन रिफ्यूज्ड लगेच आलं तर कुणीतरी स्पष्ट नकार, बहुधा टीसीपी रीसेट, पाठवलाय, सर्व्हरने किंवा मधल्या फायरवॉलने. विंडोजवर साधारण २१ सेकंद आणि लिनक्सवर दोन मिनिटांहून थोड्या जास्त वेळाने, म्हणजे साधारण १२७ सेकंदांनी टाइमआउट आला तर पॅकेट कुठेतरी गुपचूप गिळलं जातंय, ड्रॉप. आणि लिनक्सवर "नो रूट टू होस्ट" लगेच आलं तर राउटिंग टेबल उघडून बसू नका, पुष्कळदा तो समोरच्या मशीनच्या आयपीटेबल्सचा (लिनक्सची आतली फायरवॉल) रिजेक्ट असतो, आयसीएमपीचा "होस्ट प्रोहिबिटेड" जातीचा नकार आला की लिनक्स त्याला याच शब्दांत सांगतं. विंडोजच्या टेस्ट-नेटकनेक्शनचं एक खटकतं, टीसीपी फेल झालं की ते आपणहून पिंगही करतं आणि ती ओळ पण छापतं, मग लोक स्क्रीनशॉटमध्ये पिंग फॉल्स बघून तिथेच अडकतात. टीसीपीटेस्टवाली ओळ तेवढी बघायची.

याच्या उलट फसवणूकही असते आणि ती जास्त वाईट. पोर्ट उघडा दिसतो, कनेक्ट होतं, आणि तरी ॲप चालत नाही. कारण हँडशेकला (कनेक्शन जोडतानाची पहिली देवाणघेवाण) उत्तर तुमच्या सर्व्हरने दिलेलंच नसतं, मधे न सांगता बसलेल्या ट्रान्सपरंट प्रॉक्सीने किंवा फायरवॉलने स्वतःच हात मिळवलेला असतो. हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे, १९२.०.२.१ हा ॲड्रेस फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, इंटरनेटवर तिथे कुणीच राहत नाही. त्याच्या ८० आणि ४४३ पोर्टला कनेक्ट करून बघा, झालं तर समजायचं मधला पहारेकरीच घरमालकाच्या आवाजात बोलतोय, आणि त्या साइटवरच्या सगळ्या "पोर्ट ओपन" रिझल्टला तेवढीच किंमत द्यायची. यूडीपीसाठी तर नेटकॅट या पोर्ट तपासणाऱ्या टूलच्या सक्सीडेड शब्दावर मुळीच जाऊ नका, नकार आला नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि ड्रॉप करणारी फायरवॉल नकार पाठवतच नाही.

डीएनएसची (नावावरून आयपी शोधणारी व्यवस्था) तयारी वेगळी लागते कारण प्रॉक्सीवाल्या नेटवर्कमध्ये आतला डीएनएस बाहेरची नावं सोडवतच नाही असं मुद्दाम केलेलं असू शकतं. नाव विचारणारा एनएसलुकअप फेल, आणि ब्राउझरमध्ये साइट मस्त उघडते, कारण नाव प्रॉक्सी सोडवतो, मशीन नाही. म्हणजे एनएसलुकअप फेल झालं म्हणून डीएनएसवाल्याला धरू नका, आधी ॲप प्रॉक्सीतून जातंय का थेट ते बघा. डिग या डीएनएस टूलचा प्लस ट्रेस अशा ठिकाणी चालणारच नाही, तो थेट डीएनएसच्या मुळाशी असलेल्या रूट सर्व्हरला विचारायला जातो. आणि ८.८.८.८ ला (गूगलचा डीएनएस) विचारून उत्तर आलं तरी ते गूगलनेच दिलं असं नाही, पोर्ट ५३ वळवून स्वतःच्या सर्व्हरकडे नेणाऱ्या फायरवॉल असतात.

प्रॉक्सीचा पत्ता, पोर्ट आणि लॉगिन कसलं ते आधीच मागून घ्या. ब्राउझर पॅक फाइल (कुठला प्रॉक्सी वापरायचा ते सांगणारी) वाचतो, कर्ल वाचत नाही, त्याला प्रॉक्सी हाताने द्यावा लागतो. ४०७ हा एरर कोड आला तर आनंदच माना, याचा अर्थ प्रॉक्सीपर्यंत पोचलात, फक्त ओळख पटवायची राहिलीये, एनटीएलएम किंवा निगोशिएट (विंडोज लॉगिनने ओळख पटवायच्या पद्धती) यांचा ऑप्शन लावून बघा. पण सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड वेगळीच असते, ॲप विंडोज सर्व्हिस म्हणून सिस्टिम अकाउंटखाली चालतं आणि टेस्ट आपण लॉगिन केलेल्या युजरने करतो. दोघांच्या प्रॉक्सी सेटिंग्ज वेगळ्या. नेटश विनएचटीटीपी शो प्रॉक्सी हा कमांड (विनएचटीटीपी म्हणजे विंडोज सर्व्हिसेस वापरतात ती वेब लायब्ररी) कागदावर सगळ्यात वर लिहा, तिथे डायरेक्ट ॲक्सेस असं दिसलं आणि सर्व्हिस विनएचटीटीपी वापरत असेल तर निम्मं काम झालं.

एसएसएल इन्स्पेक्शन, म्हणजे एन्क्रिप्टेड ट्रॅफिक मधेच उघडून तपासणं, ओळखण्यासाठी घरूनच आपल्या सर्व्हरच्या सर्टिफिकेटचा इश्युअर (कुणी दिलं) आणि फिंगरप्रिंट घेऊन जा. साइटवर कर्ल व्हर्बोज किंवा ओपनएसएसएलचा एस-क्लायंट चालवला आणि इश्युअरच्या जागी क्लायंटच्या कंपनीचं किंवा फायरवॉलचं नाव दिसलं तर मधे ट्रॅफिक उघडून वाचलं जातंय. एस-क्लायंटला सर्व्हरनेम द्यायला विसरू नका, एकाच आयपीवर अनेक साइट असतील तर भलतंच सर्टिफिकेट हातात येतं. ब्राउझरला त्यांचं रूट सर्टिफिकेट माहीत असतं म्हणून तो तक्रार करत नाही, जावाचं सीएसर्ट्स, पायथनचं सर्टिफाय आणि नोड यांच्या सर्टिफिकेटच्या याद्या मात्र स्वतःच्या असतात, ते रडतात. कर्लला डॅश के (सर्टिफिकेट तपासू नको) लावून एकदा खात्री करणं ठीक, पण तोच उपाय म्हणून सोडून येऊ नका, प्रॉडक्शनमध्ये ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. ॲप क्लायंट सर्टिफिकेट वापरत असेल किंवा पिनिंग (ठरलेलंच सर्टिफिकेट मान्य) करत असेल तर इन्स्पेक्शनमधून ते चालणारच नाही, तेवढ्या डोमेनला सूट मागायची, दुसरा मार्ग नाही.

छोट्या गोष्टी चालतात आणि मोठ्या लटकतात, लॉगिन होतं पण रिपोर्ट डाउनलोड अडकतो, एसएसएच जोडतं आणि की एक्स्चेंजला थांबतं, असं काही असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साइज. फायरवॉलने आयसीएमपी सरसकट बंद केलं की टाइप ३ कोड ४, म्हणजे पॅकेट मोठं आहे लहान कर, हा निरोपही मरतो आणि पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. १५०० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा जाता १४७२, तेवढ्या साइजचं पिंग डोंट फ्रॅगमेंट (पॅकेट तोडू नको) लावून मारायचं, विंडोजवर डॅश एफ आणि डॅश एल, लिनक्सवर डॅश कॅपिटल एम डू आणि डॅश एस. पण पिंगच बंद असेल तर ही टेस्ट कशी करणार? मग मशीनचा एमटीयू तात्पुरता १४०० करून ॲप चालवून बघायचं, चाललं तर निदान झालं, आणि कायमचा उपाय म्हणून नेटवर्कवाल्यांना एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपीच्या तुकड्यांची साइज राउटरवरच कमी करणं) करायला सांगायचं.

स्पीड मोजायचं टूल आयपर्फ३ पोर्ट ५२०१ वर चालतं, ते बंद असणारच. काहीजण सर्व्हर ४४३ वर लावून बघतात, पण हल्लीच्या फायरवॉल पोर्ट बघून थांबत नाहीत, आत टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन) नाही हे कळलं की जोडलेलं कनेक्शन तोडतात. त्यापेक्षा आपल्या सर्व्हरवर खऱ्या एचटीटीपीएसमागे १०० एमबीची एक फाइल ठेवा आणि कर्लने उतरवून वेळ मोजा, ॲपला मिळणारा स्पीड तोच.

घड्याळही बघायचं. बाहेरचा एनटीपी (घड्याळ जुळवणारा प्रोटोकॉल), म्हणजे यूडीपी १२३, बंद असतो, मशीनची वेळ सरकलेली असते आणि सर्टिफिकेट अजून सुरू झालं नाही किंवा संपलं असा एरर येतो. कर्ल डॅश कॅपिटल आयने हेडर मागवले की डेट हेडरमध्ये जीएमटी मिळते, त्यात साडेपाच तास मिळवून ताडा, एनटीपी लागत नाही. वेळ लावून घ्यायची ती त्यांच्या आतल्या एनटीपी सर्व्हरवरून, २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देशांप्रमाणे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलशी (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) जुळणारी वेळ ठेवणं त्यांना बंधनकारकच आहे.

त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायलाही सांगितलंय, त्यामुळे फायरवॉलच्या माणसाने लॉग नसतो असं म्हटलं तर नम्रपणे पुन्हा विचारा. मात्र विचारताना "आमचं ॲप चालत नाही" एवढंच सांगितलं तर तो बिचारा शोधणार काय. सोर्स आयपी, डेस्टिनेशन, पोर्ट, प्रोटोकॉल आणि सेकंदासकट वेळ, एवढं एका ओळीत भरता येईल असा मेल आधीच टाइप करून ठेवा, नुसत्या जागा रिकाम्या सोडा. एनी-एनी रूल (कुठूनही कुठेही सगळं मोकळं) मागू नका, मिळणार नाही आणि मिळाला तर ऑडिटमध्ये तुमचंच नाव निघेल. क्लाउडचे आयपी बदलत राहतात, तेव्हा रूल डोमेन नावाने घालता येतो का विचारा. त्या दिवशी फायरवॉलचा माणूस आणि आपल्या सर्व्हरकडचा माणूस दोघं एकाच वेळी फोनवर हवेत हेही आधीच ठरवून घ्या, दोन्ही टोकांना टीसीपीडंप (पॅकेट टिपणारं टूल) लावून सिन (कनेक्शनचं पहिलं पॅकेट) निघाला का, पोचला का, परत काय आलं हे बघितल्याशिवाय दोन्ही बाजू आपापलं बरोबर असंच म्हणत राहतात. फोन आत नेऊ देत नसतील तर तिथल्या लँडलाइनचा नंबर मागून घ्या.