बाळ वयाप्रमाणे वाढतंय का, हे घरी कसं पाहावं

"बाई, जावेचा चौथ्या महिन्यातच पालथा पडला. आमचं अजून उताणंच."

हे वाक्य मी अंगणवाडीत २३ वर्षं ऐकतेय. पूर्वी वजनाच्या दिवशी, बाळाला काट्याच्या झोळीत घालता घालता कानाशी कुजबुज व्हायची. आता रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, सोबत कुठून तरी आलेला रंगीत तक्ता. प्रत्येक महिन्यापुढे एक चित्र, आणि चित्रातल्यासारखं आपलं बाळ करत नाही म्हणून आई जागी. शेजारच्या खोलीतून सासूबाई, "होतं गं सगळं, त्याचा बाप तिसऱ्या वर्षी बोलला." तक्ता उगाच घाबरवतो आणि सासूबाई उगाच निवांत करतात. मला जास्त राग सासूबाईंच्या सल्ल्याचा येतो. का, ते पुढे सांगते.

वजन, लस, वरचं जेवण हे तुम्ही बघताच असं धरून चालते.

आधी वय मोजा

दिवस भरून झालेलं बाळ असेल तर जन्मतारीख घ्या, विषय संपला. आधी झालेल्या बाळाचं तसं नाही. पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे. बाळ ३२व्या आठवड्यात झालं असेल तर ८ आठवडे वजा करायचे. म्हणजे जन्माला सहा महिने झाले तरी त्याच्याकडून अपेक्षा चार महिन्यांच्या बाळाची. दोन वर्षांचं होईपर्यंत हीच वजाबाकी. लस मात्र जन्मतारखेनेच द्यायची. तिथेही आठवडे वजा करून डोस लांबवणारे हुशार बाप मी पाहिलेत.

तारीख शोधू नका, पट्टा बघा

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांना पाहून २००६ मध्ये पट्टे दिले, म्हणजे कुठली गोष्ट कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत आली तरी चालते ते. त्यात आपल्या दिल्लीची मुलंही होती. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. केवढा हा फरक! एकाच घरात एक दहाव्या महिन्यात चाललं आणि दुसरं सतराव्यात, तरी दोन्ही ठीक असू शकतात. रांगण्यावरून तर रडूच नका. त्याच मुलांतली शंभरात चारेक हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. कुणी बूड घासत सरकतं, कुणी पोटावर, कुणी थेट खाट धरून उभं.

शेजारच्या बाळाशी तुलना बंद. तुमच्याच बाळाशी मागच्या महिन्याची तुलना करा. पुढे सरकतंय ना?

करत नाही, की करू दिलं नाही?

दिवसभर कडेवर, झोळीत नाहीतर आजीच्या मांडीवर असलेलं बाळ पालथं पडणार कुठे? आठ दिवस त्याला जमिनीवर सतरंजीवर ठेवा. जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, दिवसातून तीन-चार वेळा थोडा वेळ पोटावर घाला. रडलं तर उचला, परत घाला. झोपवताना मात्र पाठीवरच. आठ दिवसांनी बघा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

बाळाला मधोमध बसवायचा तो चाकांचा गोल वॉकर कुणी भेट दिला असेल तर माळ्यावर टाका. त्याने बाळ लवकर चालत नाही, उंबऱ्यावरून उलटतं मात्र लवकर. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो बाळ स्वतःच्या पायावर उभं राहायला लागल्यावर ढकलायचा असतो, त्यात बसायचं नसतं.

कान: इथे मी चुकले, तुम्ही चुकू नका

हातापायांचं सगळ्यांना दिसतं. कानांचं कुणालाच दिसत नाही, आणि बोलण्याची सगळी गाडी कानांवर चालते.

माझ्या अंगणवाडीतला एक मुलगा. गोरापान, हसरा, आठ महिन्यांचा. मी नेहमीप्रमाणे मागे उभी राहून थाळीवर उलथनं आपटलं. झटकन वळला. "ऐकतंय बघा," मी म्हणाले. आईही म्हणाली, "दार वाजलं की लगीच बघतंय." गुं-गुं करतो का विचारलं, तर करायचा म्हणाली. मी कार्डावर निळ्या पेनाने खूण केली आणि पुढच्या बाळाकडे वळले. दीड वर्षाचा झाला, शब्द नाही. आजी म्हणाली, घराण्यातच उशिरा बोलतात. मीही मान डोलावली. चुलत आजीने वेखंड उगाळून जिभेला चोळायला सांगितलं, तेही झालं.

सव्वादोन वर्षांचा असताना जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. तिथल्या कान तपासणाऱ्या बाईंना मी माझी थाळीची पद्धत दाखवायला गेले. त्या म्हणाल्या, "वाजवू नका. नुसता हात उचला." मी मागून हात उचलला. पोरगा वळला! उजेड माझ्या पाठीमागच्या दारातून येत होता आणि माझी सावली त्याच्यासमोर फरशीवर पडत होती. दोन्ही कानांनी त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. घरी दार आपटलं की त्याला फरशीतून हादरा कळायचा. आणि गुं-गुं? पाच-सहा महिन्यांपर्यंत ठार बहिरं बाळही गुं-गुं करतं. पुढे स्वतःचा आवाजच ऐकू येत नाही म्हणून ते हळूहळू थांबतं, आणि हे थांबणं घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

दीड वर्ष गेलं त्याचं, त्या निळ्या खुणेमुळे.

म्हणून थाळी, टाळी, फटाका, कुकरची शिट्टी यातलं काहीही परीक्षा म्हणून चालणार नाही. मोठा दणका अर्धवट ऐकणाऱ्यालाही कळतो, आणि अजिबात न ऐकणाऱ्याला अंगाने कळतो. घरी बघायचंच असेल तर बाळ सहा-सात महिन्यांचं झाल्यावर, मान पक्की धरून टेकून बसायला लागल्यावर असं बघा.

पोट भरलेलं, झोप झालेली, शांत बाळ आईच्या मांडीवर. पंखा बंद, टीव्ही बंद. आईने बाळाला हलकं धरायचं आणि स्वतः अजिबात दचकायचं नाही. (आया दचकतात. बाळ त्यांच्या मांडीतून परीक्षा पास होतं.) समोर एकाने बसून साधी वाटी दाखवायची, मग ती खाली लपवायची. वाटी फार मजेशीर नको, नाहीतर बाळ तिच्यातच गुंततं. वाटी लपली त्याच क्षणी मागे, एका बाजूला, कानाच्या पातळीला, हातभर अंतरावर उभ्या असलेल्या तिसऱ्याने हळू आवाज करायचा. तोंडाने "स्स्स", मग जरा थांबून हळूच "ऊऊ". एकदा पातळ कागद चुरगाळायचा, एकदा वाटीच्या काठावर चमचा फिरवायचा. आपटायचा नाही. "स्स्स" वेगळं आणि "ऊऊ" वेगळं का, तर काहींना जाड आवाज ऐकू येतो, बारीक येत नाही. असं मूल हाकेला ओ देतं, पण शब्द त्याला अर्धेच पोहोचतात.

मागे उभ्या राहणाऱ्याच्या हातात बांगड्या नकोत, केसांत गजरा नको, अंगाला अत्तर नको. सावली पुढे पडू नये. समोर आरसा, काचेचं कपाट, बंद टीव्हीचा काळा पडदा नको. फुंकर बाळाच्या मानेवर जाता कामा नये.

आणि मला त्या दिवशी शिकवलेली गोष्ट: मधूनमधून आवाज न करता नुसतंच सगळं करा. वाटी लपवा, मागच्याने हात पुढे आणावा, पण गप्प. तरीही बाळ वळलं तर चूक तुमच्या मांडणीत आहे, आतापर्यंतचं सगळं वळणं खोडून टाका. दोन्ही बाजूंना निदान तीन-तीन वेळा, मध्ये वेळ जाऊ देऊन. लागोपाठ केलं की बाळ कंटाळतं, आणि कंटाळलेलं बाळ बहिऱ्यासारखंच वागतं.

इतकं करूनही हे घरचं बघणं आहे. नापास झालं तर लगेच तपासणी, पास झालं पण मनात खुटखुट आहे तरी तपासणी. एकाच कानाने कमी ऐकणारं बाळ घरी हमखास सुटतं. खरं उत्तर मशीनच देतं. ओएई तपासणीत कानात छोटी नळी ठेवतात, काही मिनिटांत होते. बेरा तपासणीत झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवतात. दोन्ही दुखत नाहीत. जन्मानंतर बाळ काचेच्या पेटीत होतं, कावीळ जास्त झाली होती किंवा घरात कुणी लहानपणापासून ऐकू न येणारं आहे, तर घरची परीक्षा घेतच बसू नका, थेट मशीन. जन्मल्यावर पहिल्या महिन्यात ओएई झाली असेल तर उत्तमच. दोष निघालाच तर सहाव्या महिन्याच्या आत ऐकायचं यंत्र कानाला लागलं पाहिजे.

वेखंडाबद्दल एकच सांगते: जीभ जड असते म्हणून मूल बोलत नाही हे क्वचितच खरं असतं, आणि वेखंडाबरोबर मध चाटवत असाल तर वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. त्यातल्या जंतूंच्या विषाने बाळाचं अंग लुळं पडू शकतं.

कुठे थांबायचं नाही

पट्टा कितीही रुंद असला तरी त्याला शेवट असतो. या वेळा उलटल्या की "बघू अजून महिनाभर" हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये.

तीन महिने झाले, तोंडाकडे बघून हसत नाही. चार महिने संपले, उभं धरल्यावर मान लटकतेच, किंवा मुठी सदा आवळलेल्याच. नऊ महिने झाले, आधाराशिवाय बसत नाही. वर्ष झालं, नावाने हाक मारल्यावर बघत नाही, "बाबाबा-दादादा" असली बडबड नाही. दीड वर्ष झालं, चालत नाही, एकही अर्थाचा शब्द नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. दोन वर्षं झाली, "दूध दे", "बाबा गेला" असे दोन शब्द जोडत नाही.

दोन गोष्टी वयाच्या हिशेबात बसत नाहीत. वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल तर ते डावखुरं आहे म्हणून कौतुक करू नका, दुसऱ्या हाताला काय झालंय ते दाखवा. आणि येत असलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलायचं ते थांबलं, टाटा करायचं ते बंद झालं, तर वय काहीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर.

दाखवायला जाताना

मोबाइलमध्ये दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जा: बाळ घरी, खेळताना, तुम्ही न सांगता. दवाखान्यात बाळ एकतर झोपतं नाहीतर रडतं, डॉक्टरांना काही दिसत नाही. लसीचं कार्ड, म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड, बरोबर हवं. त्यातली वाढीच्या टप्प्यांची चित्रं रिकामी असतील तर आमच्यासारख्या सेविकेला भरायला लावा, आणि विचारून नको, बाळाकडे बघून भरायला लावा. टोळीबरोबर ऊसतोडीला जात असाल तर कार्ड पेटीत तळाशी नको, वरच ठेवा. कारखान्याजवळच्या अंगणवाडीतही ते चालतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तारीख सेविकेला विचारा आणि त्या दिवशी बाळाला मामाच्या गावी पाठवू नका. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते. कान, डोळे, व्यायाम, बोलणं शिकवणं तिथे एका छताखाली बघतात आणि पैसे लागत नाहीत. पथकाची वाट बघायची गरज नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही पाठवतात.

डॉक्टर "थांबून बघू" म्हणाले तर रागावू नका, पुष्कळदा ते बरोबर असतं. फक्त उठण्याआधी विचारा: किती दिवस थांबायचं, आणि त्या दिवशी बाळाने काय केलेलं दिसलं पाहिजे? दोन्ही उत्तरं कार्डाच्या मागे त्यांच्यासमोरच लिहून घ्या. पेन कुठलंही चालेल. मी हल्ली निळं वापरत नाही.