ब्रेडबोर्डवर चार बिटची बेरीज-वजाबाकी: आधी पिन ५ आणि १२ बघा

एएलयूला (प्रोसेसरमधला आकडेमोड करणारा भाग) वजाबाकी वेगळी शिकवावी लागत नाही. दुसऱ्या संख्येचे बिट उलटे करायचे, त्यात एक मिळवायचा आणि सरळ बेरीज करायची. फळ्यावर हे टूज कॉम्प्लिमेंट पाठ होतं, पण उमगत नाही. दोन आयसी आणि एक स्विच घेऊन बसलं की एका संध्याकाळी उमगतं. नाशिकमधून पुणे विद्यापीठाचं दुसरं वर्ष करणाऱ्यांनी कॉलेजच्या ट्रेनर किटवर थांबू नये, हे सर्किट घरी एकदा जोडावंच. किटवर वीज आणि स्विच तयार असतात, त्यामुळे शिकवणाऱ्या चुका तिथे होतच नाहीत.

सामान थोडंच आहे: ७४एलएस८३ एक (चार बिटची बेरीज करणारा आयसी, पुढे नुसता ८३), ७४एलएस८६ एक (चार एक्सॉर गेटचा, पुढे ८६; गेटचं एक इनपुट १ असेल तर दुसरं उलटं बाहेर येतं), ८३० भोकांचा ब्रेडबोर्ड, नऊ स्विच (आठ छोटे स्विच एकत्र असलेला डिप स्विच आणि एक सुटा), ४.७ के चे नऊ रेझिस्टर, १ के चे पाच, पाच लाल एलईडी, ‘१०४’ छापलेले दोन सिरॅमिक कपॅसिटर, २२ गेजची एकतारी वायर आणि ५ व्होल्टचा चार्जर. एमजी रोड, मेन रोडच्या बाजूला दुकानं धुंडाळाल तेव्हा काउंटरवरच आयसीच्या पाठीवरचा आकडा वाचून घ्या. ८३ ऐवजी २८३ मिळाला तर काम तेच होतं, पण पिना पूर्ण वेगळ्या असतात. ‘एलएस’ च्या जागी ‘एचसी’ (सीमॉस प्रकारचा आयसी) असेल तर थंडीत विशेष जपा. नाशिकच्या कोरड्या थंडीत स्वेटर काढताना जो चटचट आवाज येतो, तेवढ्या स्थिर विजेनंही सीमॉस आयसी जाऊ शकतो. हात लावण्याआधी नळाला किंवा अर्थ केलेल्या धातूला स्पर्श करा.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. सोळा पिनांच्या आयसीत वीज १६ ला आणि ग्राउंड ८ ला, ही सवय हाताला लागलेली असते. ७४८३ मात्र जुन्या घडणीचा आहे: ५ व्होल्ट पिन ५ ला, ग्राउंड पिन १२ ला. सवयीनं १६ ला वीज दिलीत तर ८३ उपाशी राहतो आणि गरम होतो तो शेजारचा निर्दोष ८६. कारण पिन १६ म्हणजे बी४ (दुसऱ्या संख्येचा, म्हणजे बी चा, सगळ्यात वरचा बिट), तिथे ८६ चं आउटपुट येतं; ते लो (०) व्हायला बघतं आणि थेट ५ व्होल्टला भिडतं. ८६ ची वीज नेहमीप्रमाणे १४ आणि ७ वर. प्रत्येक आयसीच्या वीज आणि ग्राउंडमध्ये अगदी जवळ एकेक कपॅसिटर टोचा.

इनपुटकडे नीट लक्ष द्या. आर्डुइनोच्या (शिकाऊ मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या) सवयीनं १० के चा रेझिस्टर ग्राउंडला लावून ‘शून्य’ मिळवायला जाल तर मिळणार नाही. एलएसच्या इनपुटमधून लो असताना ०.८ मिलिअँपिअरपर्यंत करंट बाहेर येतो. त्याला १० के नं गुणलं की ८ व्होल्ट. म्हणजे पिन ०.८ व्होल्टच्या खाली उतरतच नाही आणि आयसी तो १ समजतो. म्हणून उलट करा: ४.७ के पाच व्होल्टला, स्विच ग्राउंडला. स्विच ऑन केला (ग्राउंडला जोडला) की ०, ऑफ ठेवला की १. हे पट्टीवर पेननं लिहून ठेवा, नाहीतर दहा मिनिटांत गोंधळ होतो.

जोडणी अशी. ए१ ते ए४ (पहिली संख्या, ए१ सगळ्यात लहान बिट) चे स्विच ८३ च्या पिन १०, ८, ३, १ ला. बी चे चार स्विच ८६ च्या १, ४, ९, १२ ला, आणि ८६ ची आउटपुट ३, ६, ८, ११ अनुक्रमे ८३ च्या ११, ७, ४, १६ ला. उरलेला स्विच एम (० ला बेरीज, १ ला वजाबाकी): तो ८६ च्या २, ५, १०, १३ ला आणि शिवाय ८३ च्या पिन १३ ला. सगळं मर्म या शेवटच्या एका तारेत आहे. एम १ झाला की एक्सॉर बी उलटवतो आणि तीच तार हातचा एक आत घालते. उत्तर ८३ च्या ९, ६, २, १५ वर, हातचा १४ वर. प्रत्येकाला १ के आणि एलईडी ग्राउंडकडे. २२० ओहम लावून उजेड वाढवू नका, एलएसचं आउटपुट हाय असताना करंट द्यायला कमकुवत असतं.

एम ० ठेवून २+३ करून बघा. मग एम १ करून ६−२: ०११० + ११०१ + १, उत्तर ०१०० आणि हातचा पेटलेला. वजाबाकीत पेटलेला हातचा म्हणजे उसना घ्यावा लागला नाही. आता ३−५: उत्तर १११०, हातचा विझलेला. १११० म्हणजेच −२. एम १ असताना उत्तर नेमकं एकानं कमी आलं तर पिन १३ ची तार तपासा, बहुतेक ती ग्राउंडलाच राहिलेली असते.

शेवटी एम ० करून ५+४. उत्तर १००१ येतं. चिन्हासकट वाचलं तर −७, कारण चार बिटांत −८ ते +७ एवढंच मावतं. हा ओव्हरफ्लो ओळखायला तिसऱ्या बिटमधून चौथ्यात जाणारा हातचा लागतो, आणि ७४८३ तो बाहेर काढतच नाही. दुसरा ८६ लावा (वरच्या यादीबाहेरचा, सोबत आणखी एक एलईडी आणि १ के): ८३ च्या पिन १ आणि १६ एका गेटला, १५ आणि १४ दुसऱ्याला, दोघांची आउटपुट तिसऱ्याला, पुढे एलईडी. ५+४ ला तो पेटतो, ३−५ ला विझलेला राहतो.