चौदा दिवसांचं शरीर: विषाणूंचा पट घरी कसा बनवायचा आणि कसा खेळायचा

या खेळात जो शरीर मारतो, तो हरतो. पट आखायच्या आधी हा नियम मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, कारण विषाणू म्हटलं की त्यांच्या डोक्यात मारामारी येते. विषाणूला माणूस मारून काहीच मिळत नाही. त्याला पेशीत शिरायचं असतं, स्वतःच्या प्रती काढायच्या असतात आणि शिंकेतून, जुलाबातून, फोडातून किंवा रक्तातून पुढच्या माणसापर्यंत पोचायचं असतं. म्हणून आमच्या पटावर गुण मिळतात ते शरीराबाहेर पडलेल्या बटणांचे. चार विषाणू एकाच शरीरात, पेशी मोजक्या, आणि वरून शरीर स्वतः प्रतिकार करतंय. चुरस एवढ्यातूनच येते.

मी पुण्यात कोथरूडला राहते, आठवी-नववीला विज्ञान शिकवते. हा पट वर्गासाठी आखला, पण आता तो सोसायटीतच जास्त खेळला जातो.

सामान फार लागत नाही. अप्पा बळवंत चौकातून एक मोठा कार्डशीट आणा आणि तो खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, नाहीतर पट घडीवर मोडतो. सोंगट्यांसाठी तुळशीबागेतल्या शिवणसामानाच्या दुकानातून शर्टाची बटणं घ्या: लाल, पिवळी, निळी, हिरवी, प्रत्येकी वीस. मणी घेऊ नका, घरंगळतात आणि कोण कुठे होतं यावरून भांडणं होतात. शिवाय कोटाची मोठी काळी बटणं बारा. पत्त्यांसाठी घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापा. जाड असतात, पिसायला छान.

पटावर माणसाची आकृती काढा, हात पसरलेली. पेशी म्हणजे गोल, आणि ते दहा रुपयांचं नाणं ठेवून आखा. ते 27 मिलिमीटरचं असतं, त्यात शर्टाची तीन बटणं बरोबर मावतात. नाक-घशात 6 गोल, फुप्फुसांत 8, आतड्यात 8, यकृतात 6, त्वचेत 6 आणि पाठीच्या कण्यालगत चेतापेशींचे 4. एकूण 38. एकाच अवयवातले शेजारचे गोल रेघेने जोडा. नाक-घसा आणि फुप्फुसं यांच्यात एक रेघ, त्वचा आणि चेतापेशी यांच्यात एक. मधोमध रक्ताचं लाल कडं काढा. चेतापेशी सोडून प्रत्येक अवयवाचा एक गोल या कड्याला टेकलेला हवा. तो त्या अवयवाचा दरवाजा. कड्यावर बटण थांबू शकतं, पण तिथे वाढत नाही, कारण विषाणूला वाढायला जिवंत पेशीच लागते.

आता भिडू. चार जण विषाणू होतात आणि पाचवा शरीर. लाल फ्लू, पिवळ्या कांजिण्या, निळा रोटा (लहान मुलांना जुलाब लावणारा), हिरवा हिपॅटायटिस बी (यकृताला सूज आणणारा). फ्लू आणि कांजिण्या नाक-घशात दोन-दोन बटणं ठेवून सुरू करतात, रोटा आतड्यात, हिपॅटायटिस बी रक्ताच्या कड्यावर. चौघं एका माणसात एकदम सापडणं दुर्मीळच, तेवढी सूट खेळाला दिली आहे.

पाळी आली की दोन चाली. चाल तीन प्रकारची.

शिरकाव: एक बटण शेजारच्या रिकाम्या गोलात न्यायचं. दरवाजातून रक्तात आणि रक्तातून दुसऱ्या दरवाजात जायला प्रत्येकी एक चाल. एका पेशीत एकच विषाणू. दुसऱ्याने धरलेल्या गोलात शिरता येत नाही.

वाढ: पेशीत तुमचं बटण असेल तर त्यात आणखी एक टाकायचं. तीन झाली की पेशी भरली.

फुटणं: भरलेली पेशी फोडायची. त्या गोलावर काळं बटण बसतं, म्हणजे पेशी मेली. एक बटण तुमच्या ‘बाहेर’च्या डबीत, तो एक गुण. उरलेली दोन शेजारच्या रिकाम्या गोलांत, आणि जागा नसेल तर पुन्हा साठ्यात. गुण मात्र स्वतःच्या वाटेवरच मिळतो: फ्लूला नाक-घसा आणि फुप्फुसं, रोटाला आतडं, कांजिण्यांना नाक-घसा आणि त्वचा. दुसरीकडे फोडलंत तर पेशी मरते, गुण शून्य.

पटावर एका वेळी बारा काळी बटणं झाली की शरीर गेलं. सगळे हरले.

सगळ्यांच्या पाळ्या झाल्या की शरीर एक पान उलटतं. एक पान म्हणजे एक दिवस. पानं चौदा, पण ती एकत्र पिसायची नाहीत. वरचा गठ्ठा सात पानांचा: पांढऱ्या पेशी तीन, इंटरफेरॉन (शेजारच्या पेशींना सावध करणारं प्रथिन) दोन, ताप दोन. खालचा गठ्ठाही सातचा: चार विषाणूंच्या प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) एकेक पान, मारक पेशी दोन आणि ताप एक. दोन्ही वेगवेगळे पिसून एकावर एक ठेवा. नव्या विषाणूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडं बनायला शरीराला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, तोवर पहिली फळी एकटीने लढते. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतं. पटावर मुलं सातवं पान संपायची वाट बघतात तेव्हा तो आठवडा त्यांना कळतो.

पांढऱ्या पेशींचं पान आलं की रक्तातली सगळी बटणं जातात, शिवाय शरीराने निवडलेल्या एका अवयवातली एकेकटी बटणंही. ताप आला की पुढच्या फेरीत सगळ्यांना एकच चाल. मारक पेशी संसर्ग झालेली पेशीच मारतात: शरीर प्रत्येक भिडूची एक पेशी निवडतं, त्यातली बटणं काढतं आणि तिथे काळं बटण ठेवतं. म्हणजे बचाव करतानाही शरीर स्वतःला इजा करतं, आणि अकरा काळी बटणं असताना हे पान निघालं तर पटाभोवती श्वास रोखले जातात.

इंटरफेरॉनचं पान मला सगळ्यांत आवडतं. ज्या अवयवात सर्वांत जास्त बटणं असतील तो पुढची फेरी बंद. तिथे कोणीच शिरकाव करायचा नाही. 1957 मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांनी इंटरफेरॉनचा शोध लावला तो याच कोड्यातून, की एका विषाणूने गाठलेल्या पेशी दुसऱ्या विषाणूला का जुमानत नाहीत. बाधित पेशी शेजारणींना सावध करते आणि त्या दार लावून घेतात. आता खेळात याचा उपयोग बघा. फ्लूने सुरुवातीलाच नाक-घशात गर्दी केली आणि हे पान आलं, तर कांजिण्या जागीच अडकतात. दोन विषाणू एकमेकांना हातही लावत नाहीत, तरी एकाने दुसऱ्याची वाट अडवलेली असते. खरी स्पर्धा अशीच होते, शरीराच्या मार्फत. म्हणून सोंगटी मारायची चाल मी पटावर ठेवलीच नाही.

प्रतिपिंडांचं पान ज्याचं निघेल त्याचा शिरकाव तिथून पुढे बंद, आणि पेशी फुटल्यावर पसरणारी दोन बटणंही साठ्यात. आधीच पेशीत असलेली बटणं मात्र वाढत राहतात, फुटून गुणही देतात. प्रतिपिंडं पेशीबाहेरच्या विषाणूला धरतात, आतल्याला त्यांचा हात पोचत नाही. तिथे मारक पेशीच लागतात. फ्लूला एक सवलत आहे. त्याचं पान निघालं की फासा टाकायचा, पाच किंवा सहा पडले तर पान बाद, कारण फ्लूने रूप बदललं. खरं तर हा बदल माणसामाणसांतून पसरताना, हंगामागून हंगाम होत असतो. फ्लूची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते ती त्यामुळेच.

पान वाचून झालं की शरीर एक काळं बटण उचलतं, म्हणजे एक पेशी भरून निघाली. आतड्यातलं, नाक-घशातलं, फुप्फुसातलं, त्वचेतलं, यकृतातलं, कुठलंही चालेल. चेतापेशींतलं कधीच नाही. आतड्याचं अस्तर तर तीन-पाच दिवसांत नवं होतं, म्हणून माझ्या मते शरीराने उगाच ते आधी उचलू नये. रोटाला फुकट नवी जमीन मिळते.

हिपॅटायटिस बी वेगळा खेळायचा. तो यकृताच्या पेशी स्वतः फारशा फोडत नाही, नुकसान होतं ते मुख्यतः त्याला शोधत आलेल्या आपल्याच बचावफळीमुळे. त्यामुळे तो फक्त यकृतात वाढतो. पेशी भरली की एक बटण बाहेर, एक शेजारी, एक तिथेच, आणि काळं बटण नाही. मारक पेशींच्या पानावर मात्र त्याच्या दोन पेशी जातात. खरा आजार आठवड्या-महिन्यांचा असल्याने त्याला पाळीला एकच चाल. घाई असणाऱ्या मुलांना तो देऊ नका. शांत बसणारी एखादी मुलगी तो घेते आणि शेवटी डबीत सगळ्यांत जास्त बटणं तिचीच निघतात.

कांजिण्यांचा डाव लांबचा. घशातून रक्तात, रक्तातून त्वचेत, आणि जमलं तर त्वचेतून चेतापेशीत. तिथे बटण वाढत नाही, पण त्याला कुठलंही पान लागू होत नाही, आणि डाव संपताना ते तिथे असेल तर तीन गुण. किती बटणं लपवली तरी तीनच. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू चेतापेशींच्या गाठींत वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि काहींच्या उतारवयात नागीण म्हणून उठतो.

परवाचाच डाव सांगते. बाराव्या दिवशी पटावर अकरा काळी बटणं. वरच्या मजल्यावरच्या मुलाकडे फ्लू, नाकात भरलेली पेशी तयार, फोडली की तो पुढे. पण फोडली की बारा. शरीर होती माझी भाची. त्याने तिला विचारलं, “तू या फेरीला नाकातलं उचलशील का?” ती म्हणाली, “आधी तू थांब, मग बघते.” तो थांबला. तिने पान उलटलं, ताप. मग तिने बटण उचललं ते यकृतातलं. पटावर दहा राहिली, आणि तो फोडायला मोकळा होईपर्यंत कांजिण्यांनी, म्हणजे माझ्या आईने, ती एकुलती चाल वापरून त्वचेतलं एक पिवळं बटण सावकाश कण्यापाशी सरकवलं. मोजणीत आई दोन गुणांनी पुढे. “आजी, तुमचं तर काहीच फुटलं नाही शेवटी!” तो म्हणाला. आई म्हणाली, “मला नागीण झाली होती रे, ती कुठे दडून बसते ते मला ठाऊक आहे.”

मागे पडलेला भिडू कधीकधी वैतागून मुद्दाम बारावं बटण ठेवतो, म्हणजे कोणीच जिंकू नये. त्यावर उपाय: बारावं बटण ज्याचं, तो पुढच्या डावात शरीर होतो. शरीर म्हणून खेळलेली मुलं नंतर विषाणू म्हणूनही जपून खेळतात. शरीर जिंकतं केव्हा? चौदा पानं संपताना पाचपेक्षा कमी काळी बटणं असतील तर. नाहीतर सगळ्यांत जास्त गुण असलेला विषाणू.

चार डाव खेळून हात बसला की लस आणा. सुरू करण्याआधी एका विषाणूचं प्रतिपिंडांचं पान खालच्या गठ्ठ्यातून काढून वरच्या गठ्ठ्यात पहिलं ठेवायचं. शरीराने तो शत्रू आधीच ओळखलेला असतो, आठवडा वाचतो. रोटाचं ठेवून बघा. आतडं जवळजवळ सगळं शाबूत राहतं. आपल्याकडे बाळांना रोटाची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला देतात आणि ती बनवणाऱ्यांपैकी एक कंपनी आपल्या हडपसरची, सिरम. हे सांगितलं की मुलांना पट आणि गाव एकदम जोडता येतात. थोड्या मोठ्या मुलांना आंबेडकर रस्त्यावरच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेबद्दलही सांगा. 1952 मध्ये ती व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली, आणि कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातला माकडतापाचा विषाणू 1957 मध्ये तिथल्याच लोकांनी शोधला.

दोन पानं मात्र मागितली तरी घालू नका. एक, अँटिबायोटिकचं. पालकच विचारतात, औषधाचं पान का नाही? अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही, आणि सर्दीतापाला उरलेल्या गोळ्या घेण्याची सवय घरोघरी आहे. पटावर ते पान कामाचं दिसलं तर आपणच ती सवय शिकवू. दुसरं, रेबीज. लक्षणं दिसल्यावर त्यातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही, मग डाव कसला? त्याऐवजी पटाच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहा: कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, घरी लगेच सांगायचं, त्याच दिवशी लस सुरू करायची. आमच्या गल्लीत संध्याकाळी मुलं खेळतात तिथे कुत्री असतातच.

दोघंच असाल तर फ्लू आणि कांजिण्या घ्या, बाकीच्या दोघांची प्रतिपिंडांची पानं काढून टाका, काळ्या बटणांची मर्यादा सातवर आणा आणि शरीराचं पान आळीपाळीने उलटा. दोघांची सुरुवात एकाच नाकात होते, त्यामुळे पहिल्या पाळीपासून अडवाअडवी सुरू होते आणि अर्ध्या तासात डाव संपतो.