घुंगरू, बटण, वाळ्याचा तुकडा: मातीत सापडलेल्या वस्तूची नोंद

बडोद्यालगतच्या अकोट्यात सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आज बडोद्याच्या संग्रहालयात 'अकोट्याच्या' म्हणून आहेत, कारण सापडल्याची जागा त्यांच्यासोबत टिकली. नांगराला लागलेल्या बटणाचीही जागा तशीच टिकायला हवी. म्हणून उचलण्याआधी वस्तूचा मातीतच फोटो घ्या. अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहा, पण मोबाइल काही मीटर सहज चुकतो. विहीर, विजेचा खांब अशा दोन पक्क्या खुणांपासून टेपने अंतर मोजा. खोली सेंटीमीटरमध्ये लिहा. माती भरावासाठी बाहेरून आणलेली असेल तर तेही नोंदवा, नाहीतर भलत्याच गावची वस्तू इथली ठरते.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितांबरी लावू नका. देवाची भांडी घासायचा हात इथे आवरावाच लागतो: आम्लाने हिरवट-तपकिरी थर जातो आणि बारीक नक्षी त्याच थरात असते. मीठ तर घातकच. त्यातल्या क्लोराइडमुळे तांबे फिकट हिरव्या भुकटीत झडत राहते. सुकी माती मऊ ब्रशने झटका, तेवढे पुरे. घुंगराच्या पोटातली माती काढू नका. आतला खडा किंवा गंजलेली लोखंडी गोळी तिच्यासोबत निघून जाते.

फोटो तीन: पुढून, मागून, कडेने, शेजारी सेंटीमीटरची पट्टी. फोन एक फूट दूर धरून झूम करा. जवळून आकार फुगतो. उजेड डावीकडून तिरपा हवा, म्हणजे उठाव दिसतो. पाठीचा फोटो बहुतेक जण विसरतात, आणि कडी, रिव्हेट (ठोकून बसवलेली खीळ), डाग दिलेला सांधा, दोऱ्याने पडलेली झीज असते ती तिथेच. वस्तू कपड्याला शिवलेली होती की पट्ट्याला ठोकलेली, हे पाठच सांगते.

मापे कॅलिपरने (जबड्यात वस्तू धरून मोजायच्या पट्टीने) 0.1 मिलिमीटरपर्यंत, वजन 0.01 ग्रॅमपर्यंत. धातूच्या रकान्यात 'सोने' लिहू नका, 'पिवळा धातू' लिहा. पितळ की कांसे हे नजरेने ठरत नाही; 'तांब्याचा मिश्रधातू' बरोबर. तुटलेली कड चकचकीत असेल तर 'ताजी मोड' लिहा, म्हणजे उरलेला तुकडा तिथेच शोधता येईल.

नोंद क्रमांक चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून वस्तूसोबत ठेवा, हवाबंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह.

गुजरातमधल्या चांपानेरसारख्या संरक्षित जागी खणू नका, काही उचलूही नका. इतरत्र जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर 1878 च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे (ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट) कलेक्टरला लेखी कळवावे लागते: काय, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. वरची नोंद नीट असेल तर हा अर्ज दहा मिनिटांत होतो.