हीट पंपाची पाण्याची लाइन टाकताना आणि धुताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या गच्चीवर मला बोलावणे आले. वॉर्डांना गरम पाणी पुरवणारा हीट पंप बसून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि कंप्रेसर गेला होता. चिलरकडे (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राकडे) परत जाणाऱ्या थंड पाण्यातली उष्णता खेचायची आणि तिच्यावर ५५ अंशांचे पाणी तापवायचे, अशी ती जोडणी. कंप्रेसरच्या तेलात पाणी निघाले. पाण्यातली घाण अडवणारा स्ट्रेनर उघडला तर आत जाळीच नव्हती. "सारखी तुंबायची, म्हणून काढून ठेवली," असे फिटर म्हणाला. पाणी कमी वाहिले की मशीन थांबवणाऱ्या फ्लो स्विचच्या दोन तारा एका तुकड्याने जोडलेल्या होत्या, कारण तोही सारखा ट्रिप व्हायचा.

मशीनमध्ये दोष नव्हता. नवी लाइन न धुता मशीनला जोडली होती, एवढेच झाले होते. मशीन निवडताना महिनाभर चर्चा होते आणि पाइप धुवायला अर्धा दिवसही मिळत नाही, हे मी अनेक साइटवर पाहिले आहे. म्हणून हे सविस्तर लिहितो.

"पुण्यात कुठे पाणी गोठतं?"

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. बाहेर ३५ अंश असले तरी हीट पंपाच्या आत पाणी गोठू शकते. ज्या एक्स्चेंजरमधून (दोन प्रवाह न मिसळता उष्णता देणाऱ्या-घेणाऱ्या भागातून) पाण्याची उष्णता काढली जाते, त्याच्या पलीकडच्या बाजूला रेफ्रिजरंट, म्हणजे मशीनमध्ये फिरणारा उष्णता वाहून नेणारा द्रव, उकळत असतो. पाणी पुरेसे वाहत असेल तोवर तो शून्याच्या वर राहतो. प्रवाह कमी झाला की उष्णता कमी मिळते, रेफ्रिजरंटचा दाब उतरतो आणि त्याचे तापमान शून्याखाली जाते. ब्रेझ्ड प्लेट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे पातळ पत्रे एकमेकांना डाख देऊन केलेल्या एक्स्चेंजरमध्ये, दोन पत्र्यांमधली फट दोन-तीन मिलिमीटरची असते. त्यातल्या काही फटी वेल्डिंगच्या स्लॅगने (सुटलेल्या खपलीने) बुजल्या की तिथले पाणी थबकते आणि सर्वांत आधी गोठते. बर्फ फुगतो, पत्रा चिरतो आणि पाणी रेफ्रिजरंटच्या सर्किटमध्ये शिरते. त्या रुग्णालयात हेच झाले होते. एवढे झाल्यावर नुसता एक्स्चेंजर बदलून भागत नाही. कंप्रेसर, ड्रायर, तेल सगळे बदलावे लागते आणि सर्किट कोरडे करण्यात दिवस जातात.

फ्लो स्विच आणि लो प्रेशर कटआउट (रेफ्रिजरंटचा दाब फार उतरला की मशीन बंद करणारा) हे या अपघाताआधीचे शेवटचे पहारेकरी आहेत. ते वारंवार ट्रिप होत असतील तर पाणी कमी पडते आहे, असे ते सांगत असतात. त्यांना जंपर मारून, म्हणजे त्यांच्या तारा परस्पर जोडून, मशीन चालू ठेवू नका, अगदी एका रात्रीपुरतेही नाही.

लाइन टाकताना

घाण लाइनमध्ये शिरते ती बांधकामाच्या वेळीच. पाइप जमिनीवर पडलेले असतात, तोंडे उघडी असतात, शेजारी प्लास्टरचे काम चाललेले असते. संध्याकाळी काम थांबवताना प्रत्येक उघड्या तोंडाला टोपी लावा. गोणपाटाचा बोळा कोंबू नका. तो आत राहून गेल्याचे मी दोनदा पाहिले आहे. एमएस (साध्या पोलादाचा) पाइप कापल्यावर आतली धार रीमरने साफ करा आणि पाइप जोडण्याआधी उभा करून ठोका. स्लॅगचा निम्मा माल तिथेच खाली पडतो.

आट्यांवर सूत आणि सफेदा लावायची आपल्या प्लंबर मंडळींची जुनी सवय आहे. घरच्या नळाला ती चालते. हीट पंपाजवळ मात्र सुताचे धागे सुटून एक्स्चेंजरच्या तोंडाशी जमतात. टेफ्लॉन टेप वापरा आणि पहिला आटा मोकळा सोडून गुंडाळा, म्हणजे टेपची शेपटी पाण्यात लोंबणार नाही. मशीनच्या जोडाला पाना लावताना दुसऱ्या पान्याने मशीनकडची बाजू धरून ठेवा. तसे केले नाही तर आतली तांब्याची नळी पिळली जाते आणि गळती पॅनेलच्या मागे सुरू होते. धातूचा आटा प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये आवळायचे टाळा. तो त्या दिवशी टिकतो आणि काही महिन्यांनी तडकतो.

स्ट्रेनर कोणता, यावर मी जरा हटून बसतो. बाजारात मिळणाऱ्या वाय स्ट्रेनरमध्ये बहुधा मोठ्या भोकांची पत्र्याची जाळी असते. ती पंपासाठी ठीक आहे. प्लेट एक्स्चेंजरसाठी किमान २० मेश हवी, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटरचे छिद्र. आणि ती मशीनच्या अगदी तोंडाशी हवी. वीस मीटर मागे पंपापाशी बसवलेला स्ट्रेनर मधल्या पाइपातली घाण अडवत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह ठेवा, नाहीतर जाळी साफ करायला अख्खी लाइन रिकामी करावी लागेल आणि मग ती कोणीच साफ करणार नाही.

बाकीचे थोडक्यात. सर्वांत उंच जागी एअर व्हेंट, सर्वांत खालच्या जागी ड्रेन. पॅडलचा फ्लो स्विच आडव्या सरळ पाइपात, दोन्ही बाजूंना पाइपाच्या व्यासाच्या पाचपट सरळ लांबी सोडून, बाण पाण्याच्या दिशेने. पाणी आत आणि बाहेर कुठून, हे मशीनवरच्या खुणेप्रमाणेच. उलट जोडले तरी मशीन चालते, पण क्षमता घटते आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. तांबे आणि जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंड) थेट जोडू नका, मध्ये डायइलेक्ट्रिक कपलिंग, म्हणजे दोन धातूंना विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणारा जोड, घाला. डेअरीसारख्या ठिकाणी लाइनमध्ये ग्लायकोल (पाणी गोठू न देणारे द्रव) भरायचे असेल तर जीआय पाइप अजिबात नको, कारण ग्लायकोलमधली गंजरोधके जस्ताशी लढतात आणि लाइनभर गाळ होतो.

एक वस्तू मात्र खर्च वाचवण्यासाठी कधीही वगळू देऊ नका, ती म्हणजे मशीनच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांवरचे पीटी प्लग. दाब आणि तापमान मोजायची ही छोटी बुचे नसतील तर पुढे बिघाड शोधताना सगळाच अंदाज करावा लागतो.

लाइन धुताना

सर्वांत मोठी चूक म्हणजे मशीन जोडून मग लाइन धुणे. मशीन ही त्या लाइनमधली सर्वांत बारीक गाळणी आहे, सगळी घाण तिच्यातच अडकणार. धुताना मशीनचे दोन्ही होस काढा आणि एकमेकांना जोडा, किंवा मशीनआधी बायपास ठेवून मशीनचे व्हॉल्व्ह बंद करा. मी होस जोडणे पसंत करतो, कारण बंद व्हॉल्व्ह खरोखर बंद आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो.

दुसरी चूक वेगाची. गच्चीवरच्या टाकीतून अर्ध्या इंची नळी लावून तासभर पाणी सोडले आणि "लाइन धुतली" असे लिहून दिले, असा कागद मी पाहिला आहे. हिशेब करून बघा. अशा नळीतून मिनिटाला २० लिटर पाणी आले, तर ८० मिलिमीटरच्या पाइपात त्याचा वेग सेकंदाला सात सेंटिमीटरही भरत नाही. एवढ्या संथ पाण्यात वाळू आणि स्लॅग जागच्या जागी बसून राहतात, नुसते वरचे पाणी स्वच्छ दिसते. हवा पुढे ढकलायलाही सेकंदाला ०.६ मीटर वेग लागतो. गाळासाठी मी १.५ मीटर धरतो. त्या वेगासाठी ५० मिलिमीटरच्या पाइपाला मिनिटाला सुमारे २०० लिटर आणि ८० मिलिमीटरच्या पाइपाला सुमारे ४५० लिटर पाणी वाहावे लागते. म्हणून धुण्यासाठी वेगळा पंप आणि मोठी टाकी भाड्याने आणा. लाइनचा स्वतःचा नवा पंप त्यासाठी चालवला तर वाळू त्याच्या सीलमध्ये जाते आणि उद्घाटनाआधीच तो गळू लागतो.

एवढा प्रवाह सगळ्या फांद्यांना एकदम मिळत नाही. आधी मुख्य हेडर (ज्यातून फांद्या निघतात तो मोठा पाइप) धुवा, मग बाकी फांद्या बंद ठेवून एकेक फांदी. हेडरचे शेवटचे टोक नुसते बुच मारून बंद केलेले असेल तर घाण तिथेच जाऊन बसते. तिथे पूर्ण मापाचा ड्रेन व्हॉल्व्ह हवा, आणि तो पाइप टाकतानाच हवा. नंतर वेल्डिंग करून जोडायला गेलात की पुन्हा स्लॅग आत.

आधी नुसत्या पाण्याने धुवा. नव्या एमएस पाइपात कापताना वापरलेले तेल आणि गंजरोधक लेप असतो, तो पाण्याने जात नाही. त्यासाठी ट्रायसोडियम फॉस्फेट चालते, ७५० लिटर पाण्याला सुमारे अर्धा किलो. ८० मिलिमीटरच्या पाइपात मीटरला ५ लिटर पाणी मावते, त्यावरून तुमच्या लाइनचे माप काढा. हे पाणी ८ ते २४ तास फिरवा आणि फिरत असतानाच ड्रेन उघडा; पंप थांबवून रात्रभर ठेवले तर सुटलेली घाण परत तळाला बसते. हातमोजे घाला. निचऱ्याचे पाणी पावसाळी गटारात सोडू नका. नंतर स्वच्छ पाण्याने इतके धुवा की बाहेर येणाऱ्या पाण्याचा पीएच आत भरलेल्या पाण्याइतका होईल.

धुणे कधी संपले, हे घड्याळ बघून ठरवू नका. काचेच्या बाटलीत पाणी धरा, पाच मिनिटे ठेवा आणि तळ बघा. स्ट्रेनरची जाळी उघडून पांढऱ्या कापडावर झटका. लागोपाठ दोनदा कापड कोरे राहिले तर मी सही करतो.

आणखी एक चूक साइटच्या वेळापत्रकातून येते. एप्रिलमध्ये लाइन धुऊन रिकामी केली जाते आणि मशीन दिवाळीत येते. ओल्या, रिकाम्या एमएस पाइपात हवा खेळते आणि काही दिवसांतच आतून तांबडा गंज धरतो. सगळे धुणे वाया. धुतल्याबरोबर गंजरोधक घातलेले पाणी भरा, हवा काढा आणि ते फिरते ठेवा. मशीन उशिरा येणार असेल तर धुणेही उशिरा करा.

मशीन ट्रिप होते, कारण कसे शोधाल?

आधी ट्रिप कोणती ते बघा. लो प्रेशर किंवा अँटिफ्रीझवर (पाणी गोठण्याआधी मशीन थांबवणाऱ्या संरक्षणावर) जात असेल तर ज्या पाण्यातून उष्णता घेतली जाते ती बाजू तपासा. हाय प्रेशरवर जात असेल तर गरम पाण्याची बाजू तपासा. मग पीटी प्लगवर चार आकडे घ्या: आतले आणि बाहेरचे तापमान, आतला आणि बाहेरचा दाब. दाबासाठी एकच गेज दोन्हीकडे लावा. दोन गेजमधला फरकच बहुतेक वेळा एक्स्चेंजरच्या फरकाइतका निघतो आणि माणूस भलतीकडे जातो.

तापमानाचा फरक नेहमीपेक्षा जास्त आणि दाबाचा फरक नेहमीपेक्षा कमी, म्हणजे पाणीच कमी येते आहे. स्ट्रेनर, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह, पंपाने पकडलेली हवा, उलटा फिरणारा पंप, या क्रमाने बघा. प्रवाह निम्मा झाला तर दाबाचा फरक एक चतुर्थांश उरतो, त्यामुळे हा आकडा फार लवकर बोलतो.

तापमानाचा फरक जास्त आणि दाबाचा फरकही जास्त, म्हणजे एक्स्चेंजर आतून तुंबला आहे. उलट दिशेने पाणी मारून बघा.

प्रवाह ठीक, पण तापमानाचा फरक कमी आणि तरीही हाय प्रेशर, तर गरम बाजूला क्षार बसले आहेत. बोअर आणि टँकरच्या पाण्यावर हे हमखास होते, कारण पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेट त्यातून जास्त बाहेर पडते आणि सर्वांत गरम पत्र्यावरच थर धरते. अशा ठिकाणी वापराचे पाणी मशीनमधून थेट नेऊ नका. मध्ये उघडता येणारा एक्स्चेंजर ठेवा आणि मशीनकडे बंद सर्किट फिरवा.

उष्णतेचा हिशेब तोंडी करता येतो: मिनिटाचे लिटर गुणिले तापमानाचा फरक, भागिले १४.३, म्हणजे किलोवॉट. १८० लिटर आणि ५ अंशांचा फरक म्हणजे सुमारे ६३ किलोवॉट. हा आकडा मशीनच्या तक्त्याशी जुळला नाही तर प्रवाहाचा अंदाज चुकला आहे, किंवा रेफ्रिजरंटच्या बाजूला बघायला हवे.

क्षार काढताना फरशी धुवायचे ॲसिड एक्स्चेंजरमध्ये कधीही घालू नका. ते हायड्रोक्लोरिक असते आणि त्यातले क्लोराइड स्टेनलेसच्या पातळ पत्र्याला टाचणीएवढी भोके पाडते. क्षार निघतात, मशीन आठवडाभर झकास चालते, मग रेफ्रिजरंट पाण्यात येऊ लागतो. सुमारे ५ टक्क्यांचे फॉस्फोरिक किंवा सायट्रिक ॲसिड, छोटा पंप आणि बादली, नेहमीच्या उलट दिशेने फिरवायचे. नंतर खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवून उरलेले ॲसिड मारायचे आणि भरपूर स्वच्छ पाणी सोडायचे.

त्या रुग्णालयात नवे मशीन बसवण्याआधी आम्ही लाइन दोन दिवस धुतली. हेडरच्या टोकाला ड्रेन नव्हता, तो आधी करून घेतला. पहिल्या तासात तिथून वाळू, स्लॅग आणि वेल्डिंग रॉडचे एक थोटूक निघाले. पहिल्या दिवसाचे चार आकडे कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवले आहेत. तिथला ऑपरेटर दर सोमवारी त्यांच्याखाली नवे आकडे लिहितो.