आजोबांच्या रायफलीत काडतूस भरण्याआधी

विदर्भातल्या जुन्या शिकारी घरांत दस्ता छाटून, नळी आखूड करून शिकारीसाठी वळवलेली लष्करी रायफल अजूनही निघते. तिच्याविषयी दोनच मतं कानावर येतात: ‘मिलिटरीचा माल, कधी फुटत नाही’ किंवा ‘बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) तोंडावर येतो’. दोन्ही सोडून द्या. ब्रिटिश लष्कराच्या ली-एनफिल्डची कीर्ती कारखान्यातून निघालेल्या रायफलीची आहे. नंतर तिच्यावर कोणी कानस चालवली, ड्रिल मारलं, ते त्या कीर्तीत येत नाही.

आधी कागद. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. त्यामुळे रायफल चालणार ती रेंजवर, किंवा पीक नासवणाऱ्या रानडुकरासाठी लेखी परवानगी असेल तरच. नळीवर कोरलेला बोअर (नळीचं माप) आणि परवान्यावरचा बोअर एकच हवा. .३०३ नागरिकांना निषिद्ध आहे, म्हणूनच आपल्याकडे .३१५ दिसते. नळीवर .३०३ निघालं तर हात न लावता आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेला विचारा; खालची .३०३ ची मापं त्यांनी होकार दिला तरच कामाची.

अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराची १९०३ ची रायफल ८,००,००० च्या आतल्या क्रमांकाची असेल, तर ती चालवूच नका, पुढची तपासणीही नको. त्या काळात पोलाद किती तापलं हे नजरेने ठरवत. जादा तापलेलं पोलाद ठिसूळ झालं.

मॅगझिन काढा, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) रिकामं आहे हे बोट घालून बघा, नळी पुसा. बोल्टवरचा आणि रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावरचा) क्रमांक जुळतो का ते पाहा. दुर्बिणीसाठी भोकं मारली असतील तर टॉर्च टाकून चेंबरच्या आत बघा. भोक खोल गेल्याचा ठिपका किंवा फुगवटा दिसला की विषय संपला.

आता हेडस्पेस. बहुतेक जण इथेच चुकतात. बंद बोल्टचा चेहरा आणि नळीचं तोंड यांच्यात काडतुसाची कड बसते. ती जागा जास्त झाली की गोळी सुटताना पुंगळी (काडतुसाची धातूची नळी) मागे ताणली जाते, बुडाजवळ फाटते आणि जळता वायू डोळ्यांकडे येतो. ली-एनफिल्डचे लॉकिंग लग (बोल्ट अडकवून धरणारे दात) बोल्टच्या मागच्या टोकाला आहेत, त्यामुळे दाबाखाली अख्खा बोल्ट किंचित दबतो आणि ताण आणखी वाढतो.

तपासायचं गेजनेच, म्हणजे काडतुसाच्या जागी ठेवायच्या नेमक्या मापाच्या तुकड्याने. .३०३ साठी ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, ०.०७४ वर होता कामा नये. .३१५ ला हेच गेज लावू नका, तिचं वेगळं लागतं. आधी एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) काढा, बोल्टचा चेहरा कोरडा करा आणि मूठ फक्त दोन बोटांनी खाली ढकला. मुठीला तरफेचं बळ असतं. जोर लावला की नापास रायफलही पास होते. ‘नाणं ठेवून बघा’, ‘चिकटपट्टी लावून बघा’ असले सल्ले ऐकू नका. ली-एनफिल्डच्या नंबर ४ रायफलीचे बोल्टहेड (बोल्टचं सुटं पुढचं टोक) ० ते ३ असे येतात, पण आकड्यावर भरवसा नको. दोन १ नंबरची हेडंही सारख्या लांबीची नसतात. हेड बदललं की पुन्हा गेज. आणि हे काम परवानाधारक कारागिराचंच.

बोल्टच बदललेला असेल तर दोन्ही लगांच्या मागे मार्कर लावून तो काही वेळा उघड-बंद करा. एकाच लगावरची शाई पुसली गेली, तर सगळा भार एकाच लगावर आहे.

घोडा चढवून दस्ता रबरी चटईवर आपटा. टोपीवर आदळणारी पिन सुटता कामा नये.

पहिली गोळी रेंजवर, रायफल बांधून, लांब दोरीने. नंतर पुंगळीत टोक वाकवलेली बारीक तार घाला आणि बुडापासून वर फिरवा. बुडाच्या थोडं वर तार खाचेत अडकली, तर भिंत तिथे पातळ झाली आहे, लगेच थांबा. बाहेरची नुसती चमकती रेघ मात्र पुरावा नाही, .३०३ चं चेंबर मुळातच सैल असतं.

मे महिन्यात काडतुसं उन्हातल्या गाडीत ठेवू नका, तापलेल्या दारूचा दाब वाढतो. जुनी लष्करी काडतुसं वापरली असतील तर त्याच संध्याकाळी नळीतून उकळतं पाणी ओता, सुकवा, मग तेल. काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीतला क्षार तेलाने निघत नाही, आणि पावसाळ्यात तोच नळी खातो.