इस्पितळाच्या मागोमाग नदीकाठानं

जुन्या गोव्याला जाणारे बहुतेक जण बॉम जेझुस आणि से कॅथेड्रल पाहून परततात. मी तीस वर्षं नर्स होते. निवृत्त झाल्यावर मी तिथं गेले ती पोर्तुगीज राजाच्या जुन्या इस्पितळाची जागा शोधायला. तुम्हालाही तो इतिहास पाहायचा असेल, तर मी ज्या वाटेनं गेले तीच सांगते.

पणजीहून सकाळची पहिली बस धरा, उन्हं चढली की तिथं सावली मिळत नाही. आधी मांडवीकाठी, दिवाडीच्या फेरीच्या धक्क्यावर उभं राहा. लिस्बनहून सहा महिने समुद्रात काढून आलेली जहाजं याच पात्रातून वर यायची, आणि हिरड्या सुजलेली, तापानं फणफणलेली माणसं इथं उतरायची. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कनं १५१० मध्ये शहर घेतलं आणि लगेच इस्पितळ उभं केलं, ते या माणसांसाठी.

मग सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या मागे, पश्चिमेला, सांता कातारीनाच्या छोट्या कपेलाकडे, म्हणजे प्रार्थनाघराकडे चला. इस्पितळ याच भागात होतं. भिंत, जोतं असं काही हाती लागणार नाही, तेव्हा इथं थोडा वेळ बसा आणि दोन परक्या माणसांच्या नोंदी सोबत घेऊन वाचा. डच लिन्सखोटेन १५८३ ते १५८८ इथं होता. दरवर्षी निदान पाचशे माणसं आत जातात ती मेल्यावरच बाहेर येतात, असं तो लिहितो. फ्रेंच पिरार १६०८ मध्ये आजारी कैदी म्हणून याच इस्पितळात पडला होता. तो चांदीच्या भांड्यांचं, स्वच्छ चादरींचं तोंडभरून कौतुक करतो. दोघांतला एकच खरा मानू नका. चादर रोज बदलली तरी माणूस वाचतोच असं नाही, हे वॉर्डात राबलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

व्यवस्था कुणाकडे होती, तेही लक्षात ठेवा. १५४२ मध्ये ती सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया या सेवाभावी संस्थेकडे गेली. लिस्बनमध्ये १४९८ साली सुरू झालेल्या या संस्थेचं काम आजाऱ्याला, कैद्याला, अनाथाला आधार देण्याचं. शतकाच्या अखेरीस व्यवस्था पाहायला जेझुइट या ख्रिस्ती पंथाचे पाद्री आले. पण आतल्या खाटा मुख्यतः पोर्तुगीज शिपायांसाठी होत्या, आपल्या माणसांना तिथं जागा नव्हती. हे वाचून मला फार वाईट वाटलं, आणि म्हणूनच ते सांगणं मला गरजेचं वाटतं. दया होती, पण दार सर्वांना उघडं नव्हतं.

तिथून पुढे इस्पितळाच्या मागोमाग जायचं. १७५९ मध्ये जेझुइटांना हाकललं, नंतर इस्पितळ जवळच्या पणेलीला हललं. साथींनी ओस पडत गेलेलं शहरही तोवर नदीच्या खालच्या अंगाला सरकत होतं. परतीच्या बसनं पणेली ओलांडून रायबंदरला उतरा. मिझेरिकॉर्दियाचं इस्पितळ तिथं होतं, पुढे त्या आवारात गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आलं. बाहेरूनच पाहा.

शेवटी पणजी. १८४२ मध्ये इस्पितळ इथं आलं आणि त्याच वर्षी वैद्यकीय शाळा सुरू झाली. तिचंच पुढे गोवा मेडिकल कॉलेज झालं. मांडवीच्या रस्त्यावर जुनी इमारत अजून आहे. १९९३ मध्ये सारं बांबोळीला गेलं. माझी पहिली रात्रपाळी त्या जुन्या इमारतीत. वरच्या खिडक्यांतून नदीचा वारा यायचा आणि पहाटे त्याच वाऱ्यानं तापाचे रोगी झोपी जायचे.

कागदांत शिरायचं असेल तर गोव्याच्या पुराभिलेखागारात जा. १५९५ मध्ये सुरू झालेलं हे दप्तर आहे. पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारा कुणी सोबत घ्या, आणि आधी मिझेरिकॉर्दियाच्या कागदांबद्दल विचारा. मला तिथूनच धागा सापडला.